मृत जनावरांची जागा आणि गिधाडांचे भवितव्य

राजस्थानात जयपूरहून अजमेरकडे जाताना सुमारे ३० किलोमीटरवर बगरू हे नगर लागते. लाकडी ठशांनी केलेल्या कापडछपाईमुळे त्याचे नाव देशभर परिचित आहे. भोवतालच्या खेड्यांचे अर्थकारण मात्र राज्यातील बहुतांश ग्रामीण भागाप्रमाणे शेती आणि पशुपालन यांवर आधारलेले आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार राजस्थानात ५ कोटी ६८ लाख पशुधन असून त्यात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंश आणि १ कोटी ३७ लाख म्हशी आहेत. पशुधनाच्या संख्येत उत्तर प्रदेशानंतर याच राज्याचा क्रमांक लागतो. दुधाचा, शेणखताचा आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या जनावरांचा हिशेब ठेवला जातो. परंतु मेलेल्या जनावराचे पुढे काय होते, हा प्रश्न विकासाच्या चर्चेत क्वचितच येतो.

शेकडो वर्षे या प्रश्नाचे उत्तर गिधाडांनी विनामूल्य दिले. गावाबाहेरच्या ठरावीक जागी मृत जनावर टाकले जाई, कारागीर त्याची कातडी काढून घेत आणि उरलेले मांस गिधाडांचा थवा पाहता पाहता फस्त करी. महाराष्ट्रात अशा जागेला ढोरफोडी म्हणतात, तर पंजाबात ती हड्डारोडी म्हणून ओळखली जाते. १९९० च्या दशकात गिधाडे नाहीशी होऊ लागली आणि ही व्यवस्था कोलमडली. जनावरे मरत राहिली, ती टाकण्याच्या जागाही तशाच राहिल्या. तेथे येणारा लाभार्थी मात्र बदलला. गिधाडांची जागा भटक्या कुत्र्यांनी घेतली. गिधाडांच्या संवर्धनाचा विचार करताना औषधांवरील बंदी आणि कृत्रिम प्रजनन या दोन बाबींची चर्चा पुष्कळ होते. मृत जनावरांच्या जागेवर नेमके काय घडते, ही तिसरी बाबही तितकीच निर्णायक आहे.

ऱ्हासाची नोंद

भारतात गिधाडांच्या ९ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे गिधाड तसेच लाल डोक्याचे राजगिधाड या ४ जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत 'अतिसंकटग्रस्त' गटात आहेत. इजिप्शियन म्हणजेच पांढरे गिधाड 'संकटग्रस्त' गटात मोडते. १९८० च्या दशकात देशातील गिधाडांची संख्या सुमारे ४ कोटी असल्याचा अंदाज वर्तविला जातो. दिल्लीसारख्या महानगरातही त्या काळी झाडांवर गिधाडांची घरटी दिसत.

ऱ्हासाची पहिली काटेकोर नोंद राजस्थानातच झाली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात गिधाडांची गणना केली होती. सुमारे १० वर्षांनी तीच गणना पुन्हा केली असता पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे देशभर केलेल्या पाहण्यांतून १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून २००७ पर्यंत या जातीची घट ९९.९ टक्के, तर लांब आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांची एकत्रित घट सुमारे ९७ टक्के असल्याचे स्पष्ट झाले. एखाद्या सर्वत्र आढळणाऱ्या पक्ष्याची इतक्या अल्पावधीत एवढी घट झाल्याची उदाहरणे जगात फारच थोडी आहेत.

प्रारंभी एखाद्या विषाणूजन्य रोगाचा संशय घेण्यात आला. खरे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील पंजाब प्रांतात झालेल्या संशोधनातून उघड झाले. जनावरांचा ताप, वेदना आणि सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध गिधाडांना मारक ठरत होते. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, यूरिक आम्लाचे पांढरे थर आतील अवयवांवर साचतात आणि काही दिवसांतच पक्षी मरतो.

थोड्या विषाचा मोठा परिणाम

सर्वच जनावरांना हे औषध दिले जात नव्हते. मग सगळी गिधाडे कशी मेली, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. याचे उत्तर गिधाडांच्या सामूहिक भोजनाच्या सवयीत आहे. एका मृत जनावरावर कित्येक डझन, कधी शंभराहूनही अधिक गिधाडे उतरतात. म्हणजेच एक दूषित मृत जनावर एकाच वेळी अनेक पक्ष्यांना मारू शकते. शिवाय गिधाड वर्षभरात अनेक वेगवेगळ्या मृत जनावरांवर जेवते.

एका साध्या गणिताने ही बाब समजून घेता येईल. गिधाड सरासरी ३ दिवसांतून एकदा पोटभर खाते असे धरले, तर वर्षाला सुमारे १२० वेळा त्याचे भोजन होते. दर १,००० मृत जनावरांपैकी केवळ ५ जनावरांत प्राणघातक मात्रा असेल, तर वर्षअखेरीस १०० पैकी सुमारे ५५ गिधाडेच जिवंत राहतील. हेच प्रमाण शेकडा १ असेल, तर जेमतेम ३० उरतील. १ टक्क्याहूनही कमी मृत जनावरे दूषित असली तरी प्रत्यक्षात नोंदली गेलेली घट त्यातून घडू शकते, असे शास्त्रज्ञांनी २००४ मध्येच दाखवून दिले होते. २००४-०५ मध्ये देशाच्या विविध भागांतून गोळा केलेल्या मृत जनावरांच्या यकृताच्या नमुन्यांत तर सुमारे १० टक्के नमुन्यांत डायक्लोफिनॅकचे अंश सापडले.

या हानीतून सावरण्याचा गिधाडांचा वेग अत्यंत मंद असतो. पक्षी प्रजननक्षम होण्यास सुमारे ५ वर्षे लागतात आणि जोडपे वर्षाला एकच अंडे घालते. अशा दीर्घायुषी पक्ष्याची संख्या टिकायची असेल, तर प्रौढ पक्ष्यांचा मृत्युदर अतिशय कमी राहावा लागतो. त्यामुळे विष पूर्णपणे हटविल्यानंतरही जुनी संख्या गाठण्यास अनेक दशके लागतील.

मृत जनावरापाशीची वाटणी

निसर्गात मृतभक्षक प्राण्यांमध्ये स्पर्धा असते; त्याचबरोबर कामाची वाटणीही असते. मजबूत चोचीची राजगिधाडे आणि हिवाळ्यात येणारी काळी गिधाडे जाड कातडे फाडू शकतात. लांब व जवळजवळ पिसेविरहित मानेची पांढऱ्या पाठीची, लांब चोचीची आणि ग्रिफन गिधाडे शरीराच्या आतील मऊ मांस खातात. पातळ चोचीचे इजिप्शियन गिधाड हाडांना चिकटलेले बारीक तुकडे टिपते. हिमालयातील दाढीवाले गिधाड तर हाडेच खाते. कावळे, घारी, कोल्हे आणि तरस यांनाही त्यात आपापला वाटा मिळतो.

या वाटणीत गिधाडांचे बळ तीन गोष्टींत असते. पहिली गोष्ट उंची. तापलेल्या हवेच्या झोतावर विनाश्रम घिरट्या घालीत ती विस्तीर्ण प्रदेशावर नजर ठेवतात. एक गिधाड खाली उतरू लागले की दूरवरची इतर गिधाडेही त्या दिशेने निघतात. दुसरी गोष्ट वेग. मोठा थवा असेल तर एका गायीचे मांस अर्ध्या तासाच्या आसपास संपू शकते. तिसरी गोष्ट पचनशक्ती. त्यांच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडलेल्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात टिकत नाहीत.

गिधाडांच्या मर्यादाही याच रचनेतून येतात. भारतातील गिधाडे वासावरून नव्हे, तर दृष्टीने अन्न शोधतात. म्हणून रात्री ती निरुपयोगी ठरतात. सकाळी ऊन तापल्याशिवाय त्यांना सहज उंच उडता येत नाही. स्वभावाने ती सावध असल्याने मृत जनावराजवळ उतरण्यापूर्वी बराच वेळ वाट पाहतात. भरपेट खाल्लेल्या जड पक्ष्याला उडण्यासाठी मोकळी जागा आणि काही पावले धावण्याची मुभा लागते. शत्रू जवळ असेल तर हाच क्षण त्याच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो.

रिकामी जागा कोणी घेतली?

भटक्या कुत्र्याला यांपैकी एकही मर्यादा नाही. ते वासाने माग काढते, रात्रंदिवस खाऊ शकते आणि टोळी करून जागेवर ताबा ठेवते. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे ते केवळ मृत जनावरांवर अवलंबून नसते. गावातील उकिरडा, खाटकाच्या दुकानातील टाकाऊ मांस आणि घरांतून मिळणारे अन्न यांवर त्याची संख्या टिकून राहते. वन्य मृतभक्षकाला अन्न कमी पडले की तो दूर जातो किंवा त्याची संख्या घटते. कुत्र्यांच्या बाबतीत माणूसच ही तूट भरून काढतो. त्यामुळे मृत जनावरांच्या जागेवरील त्यांचा दाब कायम राहतो.

गिधाडे शेकडोंच्या संख्येने उतरत, तेव्हा कुत्री पोहोचेपर्यंत बहुतेक मांस संपलेले असे. गिधाडांची संख्या कोसळल्यावर तेच मांस दिवसेंदिवस पडून राहू लागले आणि कुत्र्यांची पिलावळ त्यावर पोसली गेली. आता उरलेली १०-२० गिधाडे उतरू पाहतात, तेव्हा त्यांच्यापुढे मोठी टोळी उभी असते. गिधाडांचे सामर्थ्य त्यांच्या संख्येत होते. संख्या घटल्यावर प्रत्येक पक्षी एकेकटाही दुबळा ठरतो. अन्न मुबलक दिसत असूनही गिधाड उपाशी राहू शकते, ते यामुळेच.

या स्पर्धेचा एक अप्रत्यक्ष परिणाम अधिक घातक आहे. कुत्र्यांचा उपद्रव वाढला की त्यांना मारण्यासाठी मृत जनावराच्या मांसात कीटकनाशक कालविण्याचे प्रकार घडतात आणि बळी मात्र गिधाडांचा जातो. मार्च २०२२ मध्ये आसामच्या कामरूप जिल्ह्यातील छयगाव परिसरात विषारी मांस खाल्ल्याने सुमारे १०० गिधाडे एकाच वेळी दगावली. वर्षाला एकच पिल्लू वाढविणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने अशी एक घटना अनेक वर्षांच्या प्रयत्नांवर पाणी फिरविते.

मानवी आरोग्याचा हिशेब

गिधाडांच्या ऱ्हासाची किंमत माणसानेही मोजली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार गिधाडे घटल्यामुळे देशातील कुत्र्यांची संख्या किमान ५० लाखांनी वाढली. त्यातून १९९२ ते २००६ या काळात कुत्रे चावण्याच्या सुमारे ३ कोटी ८० लाख अतिरिक्त घटना आणि रेबीजमुळे ४७ हजारांहून अधिक अतिरिक्त मृत्यू घडले असावेत, असा त्या अभ्यासाचा अंदाज होता. पंजाबात हड्डारोडीच्या परिसरातील कुत्र्यांच्या टोळ्यांनी लहान मुलांवर प्राणघातक हल्ले केल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत.

इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये याहून व्यापक निष्कर्ष मांडले. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडांचा अधिवास होता, तेथे गिधाडे नाहीशी झाल्यानंतर एकूण मानवी मृत्युदर ४ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे ५ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असे त्यांचे अनुमान आहे. रेबीजबरोबरच सडलेल्या मांसामुळे पाणी दूषित होणे हेही त्यामागचे कारण मानले जाते. परिसंस्थेतील एखादी जात नष्ट झाली की तिच्या सेवेचे मोल कळते, या विधानाचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण आहे.

जोडबीडचा अनुभव

मृत जनावरांच्या जागेचे संवर्धनदृष्ट्या महत्त्व समजून घेण्यासाठी राजस्थानच्या वायव्येकडील बीकानेरकडे वळावे लागेल. शहरानजीकच्या जोडबीड येथे आसमंतातील मेलेली गुरे आणि उंट आणून टाकले जातात. राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्रही याच परिसरात आहे. हिवाळ्यात येथे मध्य आशियातून आलेले गवताळ प्रदेशातील गरुड, युरेशियन ग्रिफन, काळी गिधाडे आणि इजिप्शियन गिधाडे मोठ्या संख्येने जमतात. केवळ मृत जनावरांमुळे निर्माण झालेल्या या पक्षीसमूहाचे महत्त्व ओळखून २००८ मध्ये हा भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आला.

टाकाऊ मानली जाणारी जागा संरक्षित क्षेत्र होऊ शकते, हा जोडबीडचा पहिला धडा होय. दुसरा धडा सावधगिरीचा आहे. याच जागेवर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्याही पोसल्या जातात. त्या पक्ष्यांना अन्नापासून हुसकावतात आणि जड झालेल्या पक्ष्यांवर हल्लेही करतात. विजेच्या तारांचा धोका वेगळाच. एकाच ठिकाणी मोठ्या संख्येने पक्षी जमत असल्याने तेथे आलेले एखादे दूषित जनावरही मोठी हानी करू शकते. घोषणेने जागा सुरक्षित होत नाही. तेथे येणाऱ्या प्रत्येक जनावराची तपासणी आणि कुत्र्यांना अटकाव हीच खरी सुरक्षा ठरते.

औषधांवरील निर्बंध

केंद्र सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर बंदी घालण्याची कार्यवाही केली आणि त्याच वर्षी गिधाड संवर्धनाचा पहिला कृती आराखडा प्रसिद्ध केला. २००८ मध्ये बंदीची अधिसूचना निघाली. तरीही माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्यांतील औषध जनावरांना टोचले जात असल्याचे आढळल्याने २०१५ मध्ये मानवी वापरासाठीच्या कुपीचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करण्यात आला. गिधाडांना अपायकारक ठरलेल्या इतर औषधांवरही पुढे कारवाई झाली. केटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांचा जनावरांसाठी वापर जुलै २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडचा वापर डिसेंबर २०२४ च्या अखेरीस प्रतिबंधित झाला. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६-अ नुसार केंद्राला हा अधिकार आहे.

मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्ये सिद्ध झाले. टोल्फेनॅमिक आम्लही सुरक्षित आढळले आहे. म्हणजेच पशुपालकाला आपल्या जनावराच्या वेदना आणि गिधाडाचे प्राण यांपैकी एकाचीच निवड करावी लागत नाही.

पर्यावरण मंत्रालयाने २०२०-२५ या काळासाठी दुसरा कृती आराखडा आखला. हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्राच्या धर्तीवर पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसाममध्ये राणी आणि मध्य प्रदेशात भोपाळ येथे केंद्रे उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून २० गिधाडे महाराष्ट्रातील ताडोबा-अंधारी आणि पेंच व्याघ्र प्रकल्पांत आणण्यात आली आणि त्याच वर्षी पक्षी निसर्गात सोडण्याचे काम सुरू झाले. पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्यांचे पुढील आयुष्य शेवटी बाहेरच्या मृत जनावरांवरच अवलंबून असते.

पुरावे की उघड्यावर ठेवावे?

सर्व मृत जनावरे पुरून टाकली तर कुत्र्यांचा आणि दुर्गंधीचा प्रश्न एका फटक्यात सुटेल, असा विचार सहज मनात येतो. युरोपचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. गुरांतील मेंदूरोगाच्या साथीनंतर २००२ मध्ये युरोपीय संघाने मृत गुरे गोळा करून नष्ट करण्याचे कडक नियम केले. परिणामी स्पेनमधील गिधाडांवर उपासमारीची वेळ आली. अखेर २००९ ते २०११ या काळात नियम शिथिल करून ठरावीक ठिकाणी गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याची मुभा द्यावी लागली.

सर्वच जनावरे उघड्यावर टाकणे हेही तितकेच अयोग्य आहे. फाशी या रोगाने मेल्याचा संशय असलेले जनावर फोडू नये, त्याची कातडी काढू नये. चुन्यासह किमान ६ फूट खोल पुरावे, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाच्या साथीत राजस्थानात हजारो गायी दगावल्या, तेव्हा मृत जनावरांच्या विल्हेवाटीची व्यवस्था किती अपुरी आहे, हे प्रकर्षाने जाणवले. शिवाय आजारात मेलेल्या जनावराला मरणापूर्वी ताप व वेदना कमी करणारी औषधे दिलेली असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून वर्गवारी हाच योग्य मार्ग ठरतो. वार्धक्याने किंवा अपघाताने मेलेले, अलीकडे अपायकारक औषध न दिलेले जनावर गिधाडांसाठी ठेवावे. साथीच्या रोगाने किंवा संशयास्पद कारणाने मेलेले जनावर पुरावे अथवा प्रक्रिया केंद्रात पाठवावे.

राजस्थानात गोवंशाच्या हत्येस १९९५ च्या अधिनियमान्वये बंदी असल्याने मोठ्या संख्येने गायी-बैल गोशाळांत किंवा मोकाट अवस्थेत नैसर्गिकरीत्या मरतात. गोशाळेत प्रत्येक जनावराच्या औषधोपचाराची नोंद ठेवली, तर सुरक्षित अन्नाचा हा सर्वांत विश्वासार्ह स्रोत ठरू शकेल.

गिधाडांची उपाहारगृहे

नेपाळमधील नवलपरासी जिल्ह्यात पिठौली येथे २००६ मध्ये स्थानिक समुदायाने चालविलेले गिधाड उपाहारगृह सुरू झाले. काम न देणारी म्हातारी गुरे शेतकऱ्यांकडून घ्यायची, अपायकारक औषधांविना त्यांचा अखेरपर्यंत सांभाळ करायचा आणि नैसर्गिक मृत्यूनंतर त्यांचे शरीर गिधाडांसाठी ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. जनावराची हत्या नाही, शेतकऱ्यावर बोजा नाही आणि पर्यटनातून गावाला उत्पन्नही मिळते.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. गडचिरोली जिल्ह्यात वन विभागाने ग्रामस्थांच्या सहभागातून गिधाड उपाहारगृहे उभारली. नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळील खोरीपाडा येथे आदिवासी ग्रामस्थांच्या साहाय्याने असे केंद्र चालविले गेले. रायगड जिल्ह्यात फणसाड अभयारण्य आणि म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे गिधाडांना अन्न पुरविण्याचे आणि घरट्यांच्या रक्षणाचे प्रयत्न झाले. या प्रयोगांतील समान सूत्र साधे आहे. जनावर मेल्याची खबर त्वरित मिळावी, ते दूषित नसल्याची खात्री करावी, कुंपण असलेल्या मोकळ्या जागी सकाळच्या वेळी ते ठेवावे आणि उरलेले अवशेष रात्रीपूर्वी हलवावेत. कुंपण कुत्र्यांना रोखते. पक्ष्याला मात्र आकाशमार्ग खुला राहतो. जागा पुरेशी विस्तृत ठेवली म्हणजे पक्ष्यांना धावून उडता येते. दिवसा ठेवणे आणि रात्री न ठेवणे, एवढ्या वेळापत्रकानेही स्पर्धेचे पारडे गिधाडांकडे झुकविता येते.

हे काम कोणाचे?

या व्यवस्थेचा एक सामाजिक पैलू दुर्लक्षून चालणार नाही. मृत जनावरे ओढणे आणि त्यांची कातडी काढणे हे काम जातिव्यवस्थेने विशिष्ट समाजांवर लादले होते. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडून देण्याचे आवाहन केले. २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मृत गायीची कातडी काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाल्यानंतर अनेकांनी हे काम करण्यास नकार दिला. हा नकार न्याय्य होता. त्यामुळे नवी व्यवस्था उभारताना जुन्या सक्तीचे पुनरुज्जीवन होता कामा नये. मृत जनावरांची वाहतूक यंत्राने व्हावी, कर्मचाऱ्यांना नियमित वेतन, हातमोजे, मुखपट्टी, पादत्राणे आणि लसीकरण मिळावे आणि हे काम कोणत्याही एका समाजाचे न मानता नागरी सेवा म्हणून चालावे, हे अनिवार्य आहे.

घटनात्मक चौकटीत त्यासाठी पुरेसा आधार आहे. अनुच्छेद ४८-अ राज्यसंस्थेला पर्यावरण व वन्यजीवांच्या रक्षणाचा निर्देश देतो, तर अनुच्छेद ५१-अ (छ) हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवितो. ११ व्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत पशुसंवर्धनाचा, तर १२ व्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता आणि कत्तलखाने व चर्मालयांचे नियमन यांचा समावेश आहे. भटक्या कुत्र्यांसाठी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ लागू असून निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री नोंदली गेली, हे लक्षात घेता या कार्यक्रमात मृत जनावरांच्या जागांभोवतीच्या टोळ्यांना प्राधान्य देणे सयुक्तिक ठरेल. अन्नाचा स्रोत खुला ठेवून केवळ निर्बीजीकरण केल्यास नवी कुत्री येत राहतात, म्हणून कुंपण आणि निर्बीजीकरण एकाच वेळी व्हावयास हवे.

लहान नगराची मोठी भूमिका

बगरूसारख्या नगरपालिकेच्या पातळीवर हा प्रश्न आवाक्यातला आहे. पशुवैद्यकीय दवाखाना, औषध विक्रेते, गोशाळा, परिसरातील ग्रामपंचायती आणि वन विभाग यांना जोडणारी साधी कार्यपद्धती त्यासाठी पुरेशी आहे. जनावर मेल्याची खबर देण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक, अखेरच्या उपचाराची एका ओळीची नोंद, मृत जनावरांसाठी एक वाहन, कुंपण घातलेली एक जागा आणि पुरण्यासाठी दुसरी जागा, एवढी तरतूद झाली तर उघड्यावर सडणारे मांस, कुत्र्यांच्या टोळ्या आणि विषबाधा हे तिन्ही धोके एकाच वेळी कमी होतात. औषध दुकानात मेलॉक्सिकॅम सहज मिळणे आणि बंदी असलेली औषधे न मिळणे, ही या साखळीतील पहिली कडी होय.

भरतपूर जयपूरच्या पूर्वेला आहे आणि जोडबीड वायव्येला. एका ठिकाणी गिधाडांच्या ऱ्हासाची पहिली नोंद झाली, दुसऱ्या ठिकाणी मृत जनावरांवर पोसलेला मोठा पक्षीसमूह आजही पाहावयास मिळतो. या दोहोंच्या दरम्यान पसरलेल्या शेकडो गावा-नगरांत मृत जनावरांचे काय केले जाते, यावर राजस्थानातील गिधाडांचे भवितव्य ठरेल. गिधाड अन्नासाठी दिवसाला कित्येक किलोमीटर उडते. त्याला जिल्ह्याची सीमा ठाऊक नसते. म्हणूनच एखाद्या अभयारण्यातील उत्तम व्यवस्था शेजारच्या नगरातील बेफिकिरीने निष्फळ ठरू शकते. औषधबंदीने गिधाडांच्या ताटातील विष कमी होईल. परंतु त्या ताटापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मोकळा करणे हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे काम आहे. मृत जनावराची योग्य व्यवस्था लागली तर गिधाडांच्या पुनरागमनाबरोबरच गावाच्या आरोग्याचेही रक्षण होईल.